मोबाइलवरचा मणका

दिवाळी अंकासाठी लिहा असा फोन आला, तेव्हा संपादकबाई म्हणाल्या, "पेशंटचे गमतीदार अनुभव लिहा. वाचकांना हलकंफुलकं आवडतं." मी म्हटलं, अहो, मणक्याच्या विभागात माणसं हसत येत नाहीत, वाकून येतात. त्या मनापासून हसल्या आणि "हेच, असंच लिहा," म्हणाल्या. म्हणून लिहायला बसले. गमतीचं जे होतं ते पहिल्या दिवशीच लिहून संपलं. पुढचं लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण ते लिहिल्याशिवाय बाकीच्याला काही अर्थच राहीना. तेव्हा संपादकबाईंनी माफ करावं.

मी मूळची नर्स. पेशंटना उचलून, कुशीवर वळवून माझीच कंबर कायमची धरली आणि वॉर्डातली ड्यूटी झेपेना. मग आमच्या हॉस्पिटलने मला एक टेबल, दोन खुर्च्या, मणक्याचं एक प्लास्टिकचं मॉडेल आणि 'रुग्ण समुपदेशक' अशी पाटी दिली. पाटीवरचा शब्द कोणाच्या तोंडात बसत नसे. लोक वॉचमनला विचारायचे, "त्या समजावणाऱ्या बाई कुठं बसतात?" माझ्या कामाचं याहून चांगलं वर्णन मला तरी सुचलेलं नाही. हॉस्पिटल बिबवेवाडीच्या बाजूचं, एवढंच सांगते. नाव लिहीत नाही, आणि पुढे येणाऱ्या माणसांचीही नावं बदलली आहेत.

काम असं. डॉक्टर तपासतात, एमआरआय बघतात, ऑपरेशन लागेल की नाही ते सांगतात. बाहेर गर्दी ही एवढी, त्यामुळे ते भरभर सांगतात आणि पेशंट भरभर मान हलवतो. मग तो माझ्याकडे येतो आणि खुर्चीत टेकल्या टेकल्या विचारतो, "काय म्हणाले हो डॉक्टर?" तिथून मी सुरू करायची. पाठीचा कणा म्हणजे एकावर एक ठेवलेले मणके. दोन मणक्यांच्या मधे एक गादी. गादीच्या मागून पायाकडे आणि लघवीच्या जागेकडे नसा जातात. गादी फाटली, आतला गर बाहेर येऊन नसेवर दाबला गेला, की कंबरेतून पायात कळ जाते. बहुतेकांचं औषधाने, व्यायामाने भागतं. ज्यांचं भागत नाही त्यांचा तो गर काढायचा, म्हणजे ऑपरेशन. एवढंच. हे एवढंच सांगायला मला कितीतरी वर्षं शिकावं लागलं.

पूर्वी पेशंट भीती घेऊन यायचे ती शेजाऱ्यापाजाऱ्यांची. अमक्याच्या काकांनी मणक्याचं ऑपरेशन केलं आणि ते अंथरुणाला खिळले, असे ते काका प्रत्येक आळीत एक असायचेच. मग मोबाइल आले. मला वाटलं, चला, आता लोक वाचून येतील, आपलं काम हलकं होईल. कसलं हलकं अन् काय. काका एकच होते, मोबाइलवर जगभरचे काका आले.

माहिती वाईट असते असं मी म्हणत नाही. बरीचशी चांगली असते. पण ती डॉक्टरने डॉक्टरसाठी लिहावी तशी लिहिलेली, आणि बहुतेक इंग्रजीत. खाली बटण दाबलं की तिचं मराठी होतं. त्या मराठीत मणक्याची 'कशेरुका' होते, गादीची 'आंतरकशेरुकीय चकती' होते आणि माणूस आपल्याच कंबरेला परका होतो.

सदाशिव पेठेतले एक निवृत्त बँक अधिकारी आले होते. सगळं प्रिंट काढून, लाल पेनाने खुणा करून आणलेलं. मला म्हणाले, "बाई, हे 'खोगीर भूल' काय प्रकरण आहे? माझ्यावर कोणी स्वार होणार आहे का?" घोड्यावर बसल्यावर अंगाचा जो भाग खोगिराला टेकतो, तिथल्या बधिरपणाला इंग्रजीत तसं नाव आहे. यंत्राने शब्दाला शब्द ठेवून दिला. मी सांगितलं, "बसायची जागा बधिर होणं, काका."

"मग तसं लिहायला यांना काय होतं?"

"लाज वाटते."

"मशीनला?"

"माणसांना. मशीन माणसांकडूनच शिकतं."

काकांनी प्रिंटची घडी घातली आणि म्हणाले, "तरीच."

दुसरा एक आयटीतला मुलगा. ऑपरेशनचे सगळे व्हिडिओ बघून आलेला. स्क्रू कुठल्या धातूचे वापरता, सर्जन कुठल्या बाजूला उभे राहतात, सगळं विचारून झालं. मी त्याचा रिपोर्ट पाहिला आणि म्हटलं, अरे, तुला ऑपरेशन लागतच नाही, नीट बसायला शीक. तर तो हिरमुसला. एवढा अभ्यास वाया गेला म्हणून त्याला वाईट वाटलं असावं.

तर या सगळ्यातून मी माझ्यापुरत्या दोन सवयी लावून घेतल्या. पहिली, माझं सांगून झालं की मी पेशंटला म्हणायची, "आता मी पेशंट आणि तुम्ही बाई. मला समजावून सांगा." मान डोलावणं सोपं असतं हो, सांगायला लागलं की खरं बाहेर येतं. एका शिक्षिकाबाईंनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि उलट सांगताना म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही जुनी गादी काढून नवी बसवणार." मग पुन्हा पहिल्यापासून.

दुसरी सवय माझ्या जास्त अभिमानाची. मी विचारायची, "तुमच्या घरात मोबाइलवर शोधतं कोण?" कारण पेशंट स्वतः क्वचितच वाचतो. प्रत्येक घराने एक माणूस त्या कामाला नेमलेलं असतं. बहुधा मुलगी, नाहीतर सून, नाहीतर कॉलेजातला भाचा. ते इंग्रजीत वाचतं, आईला मराठीत सांगतं, आई बाबांना तिच्या पद्धतीने सांगते, आणि शेवटी पेशंटपाशी एक वाक्य पोचतं. ऑपरेशन करायचं की नाही ते त्या एका वाक्यावर ठरतं. डॉक्टरांचं सगळं शिक्षण एकीकडे आणि ते वाक्य एकीकडे. म्हणून मी त्या वाचणाऱ्या माणसालाच बोलावून समोर बसवायची. त्याला नीट समजलं की घर समजलं.

सोपानरावांच्या घरातलं वाचणारं माणूस म्हणजे त्यांची मुलगी, ऋतुजा. फक्त ते आधी माझ्याकडे आलेच नव्हते.

सोपानराव धायरीचे, मूळ गावातले. स्वतःचा छोटा टेम्पो, पहाटे कात्रजहून दुधाचे क्रेट उचलायचे आणि दुकानांना टाकायचे. उभा जन्म त्यात गेला, त्यात कंबरही गेली. डाव्या पायात कळ जाऊ लागली, तेव्हा घराजवळच्या डॉक्टरांनी एमआरआय काढायला लावला आणि एका सर्जनकडे पाठवलं. सर्जन म्हणाले, गादी बरीच सरकली आहे, ऑपरेशन लवकर करून घ्या. का लवकर, ते सांगायला त्यांना वेळ झाला नाही, की सांगितलं आणि यांना कळलं नाही, देव जाणे. मी तिथे नव्हते, त्यामुळे कोणाला बोल लावणार?

घरी बैठक बसली. सोपानराव जमिनीवर गादीवर आडवे, पत्नी सुमनबाई उशाशी, आणि मधे ऋतुजा मोबाइल घेऊन. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. घरात कॉलेजपर्यंत पोचलेली ती पहिलीच, त्यामुळे विजेच्या बिलापासून सातबाऱ्यापर्यंत सगळं तिनेच वाचायचं अशी रीत पडलेली. सुमनबाई तिला म्हणाल्या, "ऑपरेशन केल्यावर लई वाईटात वाईट काय व्हतं, त्ये बघ."

तिने तेच बघितलं. मणक्याच्या ऑपरेशनचे धोके. यादी आली. जंतुसंसर्ग, रक्तस्राव, पायातली ताकद कमी होणं, आणि मूत्राशयावरचं नियंत्रण जाणं. तिने आईला सांगितलं, लघवीवरचा ताबा जाऊ शकतो. क्वचित, असंही ती म्हणाली होती. तो 'क्वचित' रात्रीच्या जेवणापर्यंतसुद्धा टिकला नाही. चुलते आले, मावशी आली, शेजारचे आले. प्रत्येकाला सांगता सांगता घराचं वाक्य तयार झालं: ऑपरेशन केलं की लघवीची पिशवी लागते.

त्याच पानावर खाली आणखी एक यादी होती. ती कशाची, तर कोणत्या खुणा दिसल्या की एक क्षणही न दवडता ऑपरेशन करावं लागतं, त्याची. नस जास्त दाबली गेली की लघवी अडते, बसायची जागा बधिर होते. तेव्हा ताबडतोब दाब काढला तर नस वाचण्याची आशा असते. म्हणजे जे ऑपरेशनने क्वचित होऊ शकतं, तेच ऑपरेशन न केल्याने होऊ शकतं. मणक्याच्या दुखण्यातली ही सगळ्यात अवघड गोष्ट आहे. समोरासमोर बसून, मॉडेल हातात घेऊन सांगितली तरी लोकांचा गोंधळ उडतो. ऋतुजा मला नंतर म्हणाली, "मॅडम, खालचंही मी रीड केलं होतं. पण वर्ड्स तेच होते ना. मला वाटलं तेच परत लिहिलंय."

मलाही तसंच वाटलं असतं.

ऑपरेशन नको असं ठरलं. शेक, तेल, कुणीतरी सांगितलेला पट्टा. आणि एका सकाळी सोपानरावांची कळ थांबली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पाय दुखेना. हलका झाला, म्हणाले, आहे की नाही ते कळेना इतका हलका. सुमनबाईंनी आनंदाने शिरा केला. बरं वाटलं म्हणून शिरा केला होता हो त्या माउलीने. मला हे सांगताना त्यांना आपल्या हाताची लाज वाटत होती. कळ थांबली नव्हती, कळ पोचवणारी नसच गप्प झाली होती.

त्या दिवशी त्यांना लघवी झाली नाही. उन्हाळी लागली, असं त्यांनी ठरवलं. आपल्याकडे लघवीला काही झालं की उन्हाळीच लागते. धने-जिऱ्याचं पाणी झालं, सब्जा झाला, तांब्यामागून तांब्या पोटात गेला. मूत्राशय फुगत होतं आणि त्यांना ते जाणवत नव्हतं, कारण जाणवायचं सगळंच बंद झालेलं. बसल्यावर गोधडीवर बसलोय की फरशीवर तेही कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सुमनबाई म्हणाल्या, "पोरीला मोबाइलवर बघाय सांगू का?"

"पोरीला असलं बघाय लावतीस व्हय?" सोपानराव म्हणाले. "आन् डाक्टरकडं न्हेलं तर ऑपरेशनच करतील. मंग कायमचीच पिशवी."

पाहा कसं जमून आलं. घरात वाचणारी एकच, आणि नेमकं तिच्यासमोर तो शब्द काढायची बापाला लाज. तिने आधी वाचून सांगितलेलं वाक्य तेवढं घरात उरलेलं, आणि ते वाक्य त्यांना हॉस्पिटलच्या उलट दिशेला ढकलत होतं. चांगली, एकमेकांना जपणारी माणसं. त्यात वाईट कोणीच नव्हतं, हेच मला आजही सहन होत नाही.

पुढच्या सकाळी ऋतुजाने दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या पाहिल्या. एकदम इतक्या कशा, म्हणून आईला खोदून विचारलं. तुंबलेली लघवी बापाच्या नकळत रात्रभर पाझरून अंथरूण भिजवत होती, ते तेव्हा बाहेर आलं. मग तिने पुन्हा मोबाइल हातात घेतला. या वेळी तिने जे घडत होतं तेच लिहिलं. कंबरदुखी, लघवी होत नाही. समोर जे आलं ते तिला या खेपेला लगेच समजलं. शेजाऱ्यांची गाडी काढून, सिंहगड रस्त्याच्या गर्दीतून ती बापाला घेऊन आमच्याकडे आली. आमच्या सर्जनना तिने दारातच रोगाचं नाव सांगितलं. नाव अगदी बरोबर होतं.

ऑपरेशन दुपारीच ठरलं. मला बोलावलं ते समजवायला. सोपानराव स्ट्रेचरवर, सुमनबाई त्यांची टोपी हातात धरून, ऋतुजा डोक्याशी. मी थोडक्यात सांगितलं. सोपानरावांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "ताई, ऑपरेशन केल्यावर लघवी कायमची जाईल न्हवं?"

मी म्हटलं, "सोपानराव, ती गेलीय. परत यावी म्हणून तर ऑपरेशन करतोय."

याहून सोपं वाक्य मी माझ्या नोकरीत बोलले नसेन. त्यांना ते कळलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. आणि मी मान वर केली तर ऋतुजा माझ्याकडे बघत होती. तिलाही त्याच क्षणी सगळं कळलं होतं, पहिली यादी, दुसरी यादी, शिरा, गोधड्या, सगळं. ते तोंड मी विसरू शकत नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. पायात हळूहळू ताकद आली, वॉकर धरून चालू लागले. लघवी मात्र परत आली नाही. अशा नसांना वेळ द्यावा लागतो, कधी सुधारतात, कधी नाही. तोवर आम्ही पेशंटला स्वतःच्या हाताने नळी घालून लघवी काढायला शिकवतो. सोपानराव ते निमूटपणे शिकले. क्रेट उचलणारे जाडजूड हात, पण फार स्वच्छ काम करायचे. ऋतुजा वॉर्डातून हलत नसे. पण तिचा मोबाइल पिशवीत बंद करून ठेवलेला असे. सिस्टर काही विचारायला आली की ती म्हणायची, "आईला विचारा." औषधाच्या पाकिटावरचं नावसुद्धा वाचायला तयार नसे. सुमनबाई अक्षर लावत लावत वाचायच्या आणि ही शेजारी गप्प उभी.

मधल्या काळात मी एक उद्योग करून पाहिला. आमच्या हॉस्पिटलच्या वेबसाइटवर मणक्याचं एक पान होतं. मी म्हटलं, त्यावर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात एक ओळ घाला: कंबरदुखीत लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली, तर घरी थांबू नका, लगेच या, उशीर झाला तर नस जाते. वेबसाइट बघणारा मुलगा चांगला होता, नम्र होता. तो म्हणाला, "मॅडम, पहिल्याच ओळीत लघवी? जरा ऑड दिसेल." मी म्हटलं, ऑड दिसू दे. मग मीटिंग झाली, सगळ्यांनी माझं म्हणणं मान्य केलं, माझं कौतुकही झालं. पान तयार होऊन आलं तेव्हा अगदी तळाशी लिहिलं होतं: मूत्रविषयक तक्रारी उद्भवल्यास तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. वर एका हसऱ्या जोडप्याचा फोटो होता. मी भांडले. वाद घालणं मला वर्ज्य नाही, पुण्यात वाढले आहे. पण माझी निवृत्ती तोंडावर आली होती आणि निवृत्तीला आलेल्या माणसाचं भांडण लोक हसून ऐकून घेतात. ती ओळ अजून तळाशीच आहे. मी अधूनमधून बघते आणि चिडते.

सोपानराव तपासणीला यायचे. एकदा त्यांनी सुमनबाईंना आणि ऋतुजाला औषधं आणायला पाठवलं आणि वॉकर टेकत एकटेच माझ्या टेबलाशी आले. बसले.

"ताई, एक इचारू? खरं सांगायचं."

"विचारा."

"आदी आलो असतो तर ह्ये झालं नसतं. व्हय का न्हाय?"

खात्री कोणी देत नाही, पण बहुतेक झालं नसतं, असं मी सांगितलं. विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं, ही माझी रीत. त्यांनी मान हलवली. "मला वाटलंच व्हतं," म्हणाले. मग खुर्ची जरा पुढे ओढली. "आता त्येवढं पोरीला सांगू नका. ती कालिज सोडाय निघालीय. म्हणती घरी ऱ्हाते, तुमचं करते. परीक्षेला बसली न्हाय. जेवाय वाढलं तर ताटाकडं बघत बसती. तिला सांगा की नस आदीच मेली व्हती. तिनं वाचायच्या आदी. फोटूत दिसतंय म्हणून सांगा. माझं ऐकंना, तुमचं ऐकंल."

"मला नाही जमायचं, सोपानराव." मला रागच आला होता. सबंध आयुष्य मी लोकांना खरं ते सोपं करून सांगितलं. ज्या टेबलाशी बसून सांगितलं, तिथेच खोटं सोपं करून सांगायचं? आणि ते ज्या मुलीला सांगायचं, ती इंजिनीअरिंगची, रिपोर्ट वाचता येणारी.

सोपानराव रागावले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "माझं जायचं त्ये गेलं, ताई. पोरीचं ऱ्हाऊ द्या."



औषधं घेऊन त्या दोघी आल्या. मी सोपानरावांना आणि सुमनबाईंना बाहेर बाकावर बसायला सांगितलं आणि ऋतुजाला आत बोलावलं. ती समोर बसली. खूप वाळली होती. मी मॉडेल जवळ ओढलं, जसं हजारदा ओढलं होतं, आणि बोलायला लागले. गादी कुठे फाटली होती, गर कुठे गेला होता, नसांचा जुडगा कुठे असतो. मग म्हटलं, "बाबांचा पहिला एमआरआय मी डॉक्टरांबरोबर परत पाहिला. नस तेव्हाच गेलेली होती, ऋतुजा. तू मोबाइलवर वाचलंस त्याच्या आधीच. तू काय वाचलंस, काय सांगितलंस, त्याने काही फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं असतं तरी हेच झालं असतं."

माझा आवाज नीट होता. दोन्ही हात मी मॉडेलवरच ठेवले होते.

ती ऐकत होती. माझ्याकडे नाही, मॉडेलकडे बघत. माझं बोलून झाल्यावर म्हणाली, "मॅडम, एमआरआय काढला त्या दिवशी बाबा मशीनपर्यंत स्वतःच्या पायांनी चालत गेले होते. वाटेत टेम्पो थांबवून पेट्रोल पंपावर बाथरूमलाही गेले होते. मी सोबत होते."

मी हात मॉडेलवरून काढले.

"आणि आता मी सगळं वाचलंय. नीट. खालची लिस्ट पण."

मी तिचा हात धरला. आम्ही दोघी रडलो नाही, दार उघडं होतं आणि बाहेर बाकावरून आत दिसत होतं. तिने ओढणीने नाक पुसलं आणि अगदी हळू विचारलं, "तुम्हाला बाबांनीच सांगायला सांगितलं ना?"

मी तिचा हात आणखी घट्ट धरला.

"त्यांना सांगा, मला पटलं म्हणून," ती म्हणाली. "सोमवारपासून कॉलेजलाही जाते म्हणाली, असं सांगा. मी खरंच जाईन. पण हे तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर त्यांना माझ्या तोंडावरून कळेल."

मी बाहेर आले. सुमनबाई बाकाच्या टोकाला औषधांची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सोपानराव दोन्ही हात वॉकरवर ठेवून खाली फरशीकडे बघत होते. मान वर न करताच त्यांनी विचारलं, "काय म्हणली?"

"पटलं तिला," मी सांगितलं. "सोमवारपासून कॉलेजला जाते म्हणाली."

त्यांनी टोपी काढली, टोपीनेच दोन्ही डोळे पुसले, ती पुन्हा नीट घातली, आणि सुमनबाईंकडे वळून म्हणाले, "सुटली पोरगी."